औषधानंतरचं काम

रायपूरहून हावड्याकडे निघालेली गाडी बिलासपूर सोडून पुढे गेली की चांपा लागतं. जवळच्या सोठी गावात सदाशिव गोविंद कात्रे यांनी 1962 साली भारतीय कुष्ठ निवारक संघ सुरू केला. ते स्वतः कुष्ठरुग्ण होते. पुढे अमरावती जिल्ह्यातल्या पथ्रोटचे दामोदर गणेश बापट इथे आले आणि इथलेच झाले. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. या आश्रमाने रुग्णांना बसवून खाऊ घातलं नाही. शेती, गोशाळा, खडू आणि दोर तयार करणं अशी कामं त्यांच्या हाती दिली, आणि मला तेच सर्वांत मोलाचं वाटतं. भीक घालणाऱ्या समाजाने ज्या माणसाला ओझं ठरवलं, तोच इथे गाईगुरांचा सांभाळ करतो.

आता बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोग पूर्ण बरा होतो, मग अशा वसाहती कशाला, त्यांनी रुग्ण समाजापासून तुटतोच ना, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच खोटा नाही. पण औषध जंतू मारतं, मेलेली संवेदना परत आणत नाही. बधिर बोटांना तापलेल्या पातेल्याचा चटका कळत नाही. तळव्यात खडा रुतला तरी माणूस चालत राहतो आणि जखम हाडापर्यंत जाते. रोज पाय भिजवणं, तेल लावणं, मऊ तळाची चप्पल घालणं हे वर्षानुवर्षं करावं लागतं. शिवाय कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण कायद्यातून वगळायला 2019 उजाडलं. घरच्यांनी दार लावून घेतलेल्या म्हाताऱ्या माणसाला तोवर दुसरं घर कुठलं होतं?