गाभण जनावर वाहनात चढवण्यापूर्वी

भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली आणि तिच्याभोवती मोठी कामगार वस्ती वाढली. अशा शहरांना दूध पुरवणारे गोठे अनेकदा बाहेरून जनावरे आणतात. दूध लवकर सुरू व्हावे म्हणून विण्याच्या बेतात आलेल्या गाई-म्हशींना पसंती मिळते. नेमका हाच काळ प्रवासासाठी सर्वांत धोक्याचा असतो. नागपूरहून भिलाई सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. उतरताना जनावर धडधाकट दिसले, तरी नुकसान पुढे काही दिवसांनी उघड होऊ शकते.

गर्दी, हादरे, ऊन व तहान यांमुळे कॉर्टिसॉल व अ‍ॅड्रिनलिन ही संप्रेरके वाढतात. अ‍ॅड्रिनलिनमुळे गर्भाशयाकडील रक्तपुरवठा घटतो. तीव्र ताणात जनावर गाभडण्याची किंवा अकाली विण्याची शक्यता असते. लांबच्या उपाशी प्रवासात रक्तातील कॅल्शियम घसरून गाय आडवी पडू शकते. जुळी करडे पोटात असलेली शेळी खाणे सोडते.

परिणाम वासरापर्यंतही पोहोचतो. अमेरिकेतील टेक्सास येथे ब्राह्मण जातीच्या गाईंना गर्भावस्थेच्या ६० ते १४० दिवसांत पाच वेळा, दोन-दोन तास वाहनातून फिरवण्यात आले. त्यांची वासरे अधिक बुजरी व चिडखोर निघाली.

म्हणून वेळ निवडणे महत्त्वाचे. रेतनानंतर पाचव्या दिवसापासून सुमारे सहा आठवडे गर्भ नाजूक असतो. या काळात प्रवास टाळावा. गर्भकाळाच्या अखेरच्या दहाव्या हिश्श्यात, म्हणजे गाईच्या शेवटच्या २८, म्हशीच्या ३१ व शेळीच्या १५ दिवसांत, जनावर हलवूच नये. गाय-म्हैस न्यायचीच असेल, तर चौथा ते सातवा महिना त्यातल्या त्यात सुरक्षित. तोही प्रवास एकदाच करावा.

१९७८ च्या पशुवाहतूक नियमांनुसार मालवाहू वाहनात सहापेक्षा अधिक गाई-बैल नेता येत नाहीत. पशुवैद्यकाचे प्रमाणपत्रही आवश्यक असते. त्यासाठीच्या तपासणीत गर्भाचे महिने नोंदवून घ्यावेत. तळाशी वाळू व पेंढा पसरावा, उन्हाळ्यात रात्री किंवा पहाटे निघावे, वाटेत पाणी द्यावे. पोहोचल्यावर सावली, थोडे-थोडे पाणी व ओळखीची वैरण द्यावी; दोन आठवडे वेगळे बांधून स्राव, ताप व चारा खाणे यांवर लक्ष ठेवावे.

विण्यास टेकलेल्या गाईसाठी मोजलेली जादा रक्कम वाटेतच वाया जाऊ शकते. तीच गाय दोन महिने आधी आणली, तर ती नव्या गोठ्यात रुळून विते.