सांध्यात अर्धा मिली

शिरोली एमआयडीसीतल्या दातांच्या दवाखान्यात ‘तोंड उघडत नाही’ म्हणत कुणी आलं, की डॉक्टर आधी त्याचा गाल आतून चाचपतात. बोटाला दोरीसारखे ताठ पट्टे लागले तर दुखणं वेगळं. सुपारी-गुटख्यानं गालाचं अस्तर आवळून गेलेलं असतं. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, हे इथल्या रस्त्याकडेच्या भिंती पाहून खरं वाटत नाही. त्या पेशंटांनाही स्टेरॉईडचं इंजेक्शन देतात, पण गालात. मी बघायला बसलो होतो तो पेशंट मात्र जबड्याच्या सांध्याचा होता. गाल मऊ, दुखणं कानाच्या अगदी पुढं.

हे मामा फौंड्रीत फेटलिंगला. कास्टिंगच्या कडेचं जादा लोखंड ग्राइंडरनं काढायचं काम. ‘मशीन हातात घेतली की दात आपोआप आवळत्यात बघा,’ ते सांगत होते. ‘आणि घरात म्हणत्यात, रात्री झोपेत बी दात खाताय.’ मटणाचा तुकडा सोडून नुसत्या रश्श्यावर आले होते. तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावायला हवीत; त्यांची दोनसुद्धा नीट जात नव्हती.

इंजेक्शन ही पहिली पायरी नाही. मऊ जेवण, शेक, गोळ्या, रात्री दातांवर बसवायची प्लेट हे सगळं झालं होतं. पहिल्याच दिवशी ‘सुई मारा आणि ड्युटीवर पाठवा’ म्हणणारे पुष्कळ येतात. डॉक्टर त्यांना परत पाठवतात. मला त्यांचं हेच काम सगळ्यात अवघड वाटलं.

खुर्चीत बसवल्यावर आधी शुगर विचारली. स्टेरॉईडनं ती काही दिवस वर जाऊ शकते. मग कानात कापसाचा बोळा, बेटाडिन आणि पट्टी-पेन. कानाच्या भोकापुढचा छोटा उंचवटा ते डोळ्याचा बाहेरचा कोपरा अशी रेघ मारली. रेघेवर १० मिलिमीटर पुढं, तिथून २ मिलिमीटर खाली एक ठिपका. जागा बधिर करून झाल्यावर सांगितलं, ‘मामा, होईल तेवढं तोंड उघडा.’ तोंड उघडलं की जबड्याच्या हाडाचं डोकं पुढं सरकतं आणि त्याच्या मागं खोबणीत सुईपुरती जागा होते.

सुई आत गेली, पण सांध्यात पोचली हे दिसत नाही. ते हाताला कळतं. थोडं पाणी सोडलं आणि दट्ट्यावरचा अंगठा सैल केला, तर दट्ट्या आपसूक मागं आला. मामांचा खालचा जबडाही किंचित हलला. डॉक्टरांनी मान डोलावली. दुसरी सुई थोडी पुढं टोचली. एका सुईतून रिंगर लॅक्टेट आत, दुसरीतून बाहेर ट्रेमध्ये. सलाइनसारखंच शिरेतून देतात ते हे द्रावण. सुरुवातीला थेंब-थेंब, मग जबडा हलवून घेतल्यावर सरळ धार. सांधा असा दोन सुयांनी धुण्याची रीत निट्झन, डॉल्विक आणि मार्टिनेझ या सर्जनांनी १९९१ मध्ये मांडली. नुसतं स्टेरॉईड सोडणं त्याहून जुनं, १९५०च्या दशकातलं.

शेवटी एक सुई काढून ट्रायमसिनोलोन या स्टेरॉईडची कुपी हलवली. औषध ताकासारखं पांढरं, तळाशी बसणारं. त्यातलं अर्धा मिली, म्हणजे २० मिलिग्रॅम, आत गेलं. त्यानं सूज उतरते, दुखणं कमी होतं; सांध्यातली सरकलेली चकती जागेवर बसत नाही, दात आवळणंही थांबत नाही. खरा फरक धुण्यानं पडतो की स्टेरॉईडनं, यावर सर्जनांचं एकमत नाही.

‘डोळा मिटा बघू.’ त्या बाजूची पापणी अर्ध्यावर अडली. मामा घाबरले. बधिर करायचं औषध चेहऱ्याच्या नसेपर्यंत पसरलं होतं. काही तासांत उतरतं, तोवर डोळ्यावर पट्टी.

‘आता दर महिन्याला एक मारायचं का?’

‘छे! सारखं मारलं तर हाडच झिजतं. रात्रीची प्लेट लावायची, आणि मशीन चालवताना जीभ टाळूला लावून दात सुटे ठेवायचे.’

मामांनी लगेच करून बघितलं. ‘हे ध्यानात ऱ्हायला पायजे की,’ म्हणाले आणि आजारपणाच्या रजेची चिठ्ठी मागितली. डॉक्टरांनी दोन दिवसांची दिली. मामांना चार हवे होते. त्यावर दोघांची बरीच घासाघीस चालली.