चाळीसचे तीनशे कसे होतात?

लेखमाला : कारखान्याचं गणित – भाग ७

मागच्या आठवड्यात आपण बिल ऑफ मटेरियल्स, म्हणजे बीओएम पाहिलं. एका वस्तूत कोणते सुटे भाग, कुठल्या पातळीवर, किती नग लागतात याची ती यादी. आता त्या यादीला तारखा जोडायच्या. नियोजन बघणारी माणसं दिवसभर दोनच प्रश्नांशी झगडत असतात: कुठला भाग कधी लागणार, आणि करायला घेतला तर एका दमात किती करायचा? पहिल्याचं उत्तर मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग, म्हणजे एमआरपी देतं. दुसरा प्रश्न लॉटचा. अभ्यासक्रमात ही दोन स्वतंत्र प्रकरणं असतात आणि मला ती फारकत कधीच पटलेली नाही. वरच्या पातळीवर ठरवलेला लॉट हाच खालच्या पातळीवर मागणी होऊन उतरतो. हे ज्याच्या ध्यानात आलं नाही, त्याच्या हातात कितीही महागडं सॉफ्टवेअर दिलं तरी सकाळच्या मीटिंगमधली शॉर्टेज लिस्ट काही कमी होत नाही.

कोल्हापूरकडचा शेतीपंप जुळवणारा एखादा मध्यम कारखाना डोळ्यांसमोर आणा. इंपेलरची, म्हणजे पंपातल्या पाणी फेकणाऱ्या चक्राची, कास्टिंग शिरोलीच्या फाउंड्रीतून येतात, लेथवर त्यांचं मशिनिंग होतं आणि तयार इंपेलर पंपात बसतो. एका पंपाला एक इंपेलर, एका इंपेलरला एक कास्टिंग. गणित साधं राहावं म्हणून मागणी अगदी सरळ धरू: आठवड्याला ४० पंप, ना कमी ना जास्त.

पंपाची जुळणी १२० च्या लॉटने होते, कारण मॉडेल बदललं की फिक्श्चर आणि टेस्टिंगची मांडणी बदलावी लागते. जुळणीला एक आठवडा लागतो. पहिल्या आठवड्याच्या सुरुवातीला ४० पंप तयार आहेत, ते त्याच आठवड्यात जातील. म्हणून दुसऱ्या आठवड्याला १२० हवेत, आणि त्यांचं काम पहिल्यातच सुरू करायला हवं. पुढचे लॉट चौथ्या, सातव्या, दहाव्या आठवड्यात सुरू होतील. इंपेलरची मागणी इथेच बिघडली. ती आठवड्याला ४० राहिली नाही. पहिल्या आठवड्यात १२०, मग दोन आठवडे शून्य, चौथ्यात पुन्हा १२०.

आता एक पायरी खाली या. स्टोअरमध्ये तयार इंपेलर १५० आहेत. पहिल्या आठवड्यात १२० गेले, उरले ३०. चौथ्यात १२० लागणार, म्हणजे ९० कमी. पण लेथच्या सेटिंगला वेळ जातो म्हणून इंपेलर ३०० च्याच लॉटने काढायचे, असा इथला नियम. मशिनिंगला दोन आठवडे लागतात, त्यामुळे ३०० कास्टिंग दुसऱ्या आठवड्यात लेथपाशी हवीत. चौथ्या आठवड्यात जुळणीला दिल्यावर २१० इंपेलर उरतात, सातव्यात ९०. दहाव्यात ते ९० पुरत नाहीत, म्हणून आठव्या आठवड्यात पुन्हा ३०० कास्टिंग. पुढचा आकडा मोजत गेलात तर तिसरी वेळ थेट सतराव्या आठवड्यात येते.

फाउंड्रीवाल्याच्या बाजूने बघा. त्याला दिसतं ते असं: ३००, मग पाच आठवडे काही नाही, पुन्हा ३००, मग आठ आठवडे काही नाही. गिऱ्हाईक लहरी आहे, असंच त्याला वाटणार. आणि शेतकरी मात्र दर आठवड्याला शिस्तीत ४० पंप नेतोय! बाजारात कणभरही चढउतार नाही. सगळा चढउतार कारखान्याच्या आतच, दोन लॉटच्या आकड्यांनी तयार केलेला.

आता स्टोअर जुन्या पद्धतीने चालवून पाहू. कास्टिंगच्या कार्डावर लिहिलंय: सरासरी खप आठवड्याला ४०, फाउंड्रीला चार आठवडे लागतात, म्हणून १६० आणि वर ४० राखीव, साठा २०० ला आला की ऑर्डर द्यायची. कार्डात चूक काहीच नाही. आज शिल्लक २२०, म्हणजे ऑर्डरची वेळ आलेली नाही. आणि दुसऱ्या आठवड्यात लेथवरून एकदम ३०० ची मागणी येते. सेटरने अर्धा दिवस खर्चून मशिन लावलंय, २२० नग निघतात आणि ८० साठी फाउंड्रीला फोन सुरू होतात. ते ८० यायला चार आठवडे. एरवी आठवडेच्या आठवडे हाच साठा रॅकवर नुसता पडून असतो. हवा तेव्हा नसतो आणि असतो तेव्हा नको असतो, ही स्टोअरची जुनी तक्रार सरासरीवर विसंबल्यामुळे जन्माला येते.

यात आणखी एक भर पडते. प्रत्येक भाग १०० पैकी ९५ वेळा हजर असतो, असं म्हटलं तर कुठलाही व्यवस्थापक खूश होईल. पण पंपात असे २० भाग असतील, आणि प्रत्येकाचा साठा दुसऱ्याची खबर न घेता राखलेला असेल, तर वीसच्या वीस एकाच वेळी हजर असण्याची शक्यता साधारण ३६ टक्के येते. ०.९५ ला स्वतःनेच वीस वेळा गुणून पाहा. म्हणजे तीनपैकी जवळपास दोन वेळा जुळणीच्या टेबलावर पंप कशासाठी तरी अडून राहणार. माणसं कामचुकार नसतानाही हे घडतं, आणि दोष मात्र स्टोअरकीपरवर येतो. मला हे फार अन्यायाचं वाटतं.

या कोंडीवर ज्यांनी नेमकं बोट ठेवलं ते जोसेफ ऑर्लिकी. मूळचे चेकोस्लोव्हाकियाचे. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या रसीन शहरात जे. आय. केस या ट्रॅक्टर कंपनीत त्यांनी काम केलं, पुढे ते आयबीएममध्ये गेले. ट्रॅक्टरसारख्या यंत्रात सुट्या भागांचा केवढा पसारा असतो, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. त्यांचं म्हणणं असं: ग्राहक किती ट्रॅक्टर घेईल याचा अंदाज बांधावा लागतो, कारण ती मागणी स्वतंत्र आहे. पण त्या ट्रॅक्टरला किती गिअर लागतील याचा अंदाज कशाला? ते मोजता येतं. गिअरची मागणी ट्रॅक्टरवर अवलंबून आहे. जे मोजता येतं त्याची सरासरी काढत बसू नये. १९६५ च्या सुमाराचा हा विचार. एमआरपीचा वापर त्याआधीच, १९६४ मध्ये, ब्लॅक अँड डेकर कंपनीत झाला होता. १९७५ मध्ये ऑर्लिकींचं याच विषयावरचं पुस्तक आलं, तोवर सुमारे ७०० कारखाने आणि कंपन्या या वाटेला लागल्या होत्या.

हा विचार आधी कुणाला सुचला नसेल असं नाही. आपण वर तीन भाग आणि काही आठवडे हाताने मोजले, तरी दमछाक झाली. हजारो भाग, वर्षभराचे आठवडे, आणि दर आठवड्याला सगळं पुन्हा पहिल्यापासून! कार्डं आणि कारकून यांच्या आवाक्यातलं ते काम नव्हतं. पन्नासच्या दशकात संगणकाला डिस्क मिळाली होती, साठच्या दशकात बीओएमची साखळी तिच्यावर साठवता आली, तेव्हा ते जमलं.

एमआरपीने कास्टिंगची मागणी आधी दिसू लागली. चौथ्या आठवड्यात फाउंड्रीला ऑर्डर दिली तर आठव्यात ३०० हजर. पण ३०० हा आकडा आला कुठून?

तो येतो १९१३ मधून. फोर्ड व्हिटमन हॅरिस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने ‘फॅक्टरी’ मासिकात एक छोटा लेख लिहिला. एका वेळी किती नग करावेत, हाच त्याचा विषय. हॅरिस कॉलेजात शिकलेले नव्हते. त्यांचा मूळ लेख पुढे अनेक दशकं कुणाच्या हाती लागत नव्हता आणि त्यांचं सूत्र दुसऱ्याच्याच, विल्सन यांच्या नावावर खपत राहिलं. रीत अशी: वर्षाची मागणी आणि एका सेटिंगचा खर्च यांचा गुणाकार दुप्पट करा, एक नग वर्षभर सांभाळायच्या खर्चाने त्याला भागा आणि वर्गमूळ काढा. आपल्या इंपेलरची वर्षाची मागणी २,०८०. सेटिंगचा खर्च १,५०० रुपये आणि सांभाळायचा खर्च नगामागे वर्षाला ६० रुपये धरला तर उत्तर येतं ३२२. कुणीतरी ते राउंड करून ३०० केलं असणार.

सूत्र चोख आहे. पण हॅरिस यांनी गृहीत धरलं होतं की माल रोज थोडाथोडा, सारख्या गतीने उठतो. आपला इंपेलर तसा उठत नाही, १२० च्या ढिगाने उठतो. ३०० चा लॉट १२० च्या ढिगात बसत नाही, म्हणून मागे कधी ३० राहतात, कधी ९०, कधी १५०. ते ३० इंपेलर तीन आठवडे रॅकवर राहतात आणि त्यांच्यावर एकही जुळणी सुरू होऊ शकत नाही. पैसा अडकला, उपयोग शून्य.

आता ३०० ऐवजी ३६० करून पाहा, म्हणजे जुळणीचे बरोबर तीन लॉट. (पहिल्या खेपेला हातातले ३० वजा करून ३३०.) प्रत्येक लॉट आल्या आल्या १२० जातात, २४० उरतात, तीन आठवड्यांनी १२०, आणखी तीन आठवड्यांनी शून्य. सरासरी साठा १२० नग. आणि ३०० च्या लॉटने? २१०, ९०, २७०, १५०, ३० असं फिरत सरासरी येते १५० नग. लॉट मोठा केला आणि साठा कमी झाला. सेटिंगही वर्षाला सातऐवजी सहाच्या आत. वर्षाचा खर्च साधारण १९,४०० वरून १५,९०० वर येतो. शिवाय फाउंड्रीची ऑर्डर आता दर नऊ आठवड्यांनी, ठरल्यासारखी. हे उदाहरण मी मुद्दाम हाताने सोडवायला सांगतो, कारण ‘लॉट लहान तर साठा लहान’ हे वाक्य इतकं अंगवळणी पडलंय की आकडे समोर असूनही विश्वास बसत नाही.

यामागचा नियम १९५८ मध्ये हार्वी वॅगनर आणि थॉमसन व्हिटिन यांनी सिद्ध केला. पुढच्या प्रत्येक आठवड्याची मागणी माहीत असेल, तर सर्वांत स्वस्त योजनेत माल तेव्हाच करायला घ्यावा जेव्हा आधीचा साठा संपलेला असेल. आणि प्रत्येक लॉटने पुढच्या काही आठवड्यांची मागणी पूर्णच्या पूर्ण भागवावी, अर्धीमुर्धी नाही. किती आठवडे एकत्र घ्यायचे, ते शोधण्याची पद्धतही त्यांनी दिली. कारखान्यांत ती फारशी रुळली नाही. १९७३ मध्ये एडवर्ड सिल्व्हर आणि हार्लन मील यांनी सोपी रीत सुचवली: एकेक पुढचा आठवडा लॉटमध्ये घेत जा, आठवड्यामागचा सरासरी खर्च वाढू लागला की थांबा. रोजच्या कामाला ती पुष्कळ होते.

चोख योजनेला एक दुखणं मात्र असतं. ती फार नाजूक असते. समजा तिसऱ्या आठवड्यात ४० ऐवजी ४५ पंप गेले. चौथ्याला ३५ च उरले, म्हणून पाचव्यात येणारा लॉट चौथ्यात हवा. जुळणी एक आठवडा अलीकडे, इंपेलर एक आठवडा अलीकडे, आणि ३३० कास्टिंग दुसऱ्याऐवजी पहिल्या आठवड्यात, म्हणजे आत्ताच. पाच पंपांनी ३३० कास्टिंग हलवली. सोमवारी सकाळी एमआरपी चालवलं की स्क्रीनवर ‘अलीकडे घ्या’, ‘पलीकडे ढकला’ अशा सूचनांची रांग लागते ती यामुळे. परचेसचा माणूस मग तिच्याकडे बघणंच सोडतो, आणि तो चुकतो असं मी म्हणणार नाही. इलाज वरच्या पातळीवरच करावा लागतो: तयार पंपांचा थोडा राखीव साठा ठेवायचा आणि जवळच्या काही आठवड्यांचं वेळापत्रक बदलायचं नाही. प्रत्येक भागाचा राखीव साठा वाढवणं हा इलाज नाही. दुर्दैवाने बहुतेक ठिकाणी तोच होतो.

या सगळ्या हिशेबात १,५०० रुपयांचं सेटिंग आपण निमूट मान्य केलं. जपानमध्ये इंजिनिअर शिगेओ शिंगो यांनी ते केलं नाही. १९६९ मध्ये टोयोटाच्या मुख्य कारखान्यात १,००० टनी प्रेसचे साचे बदलायला चार तास लागत. सहा महिन्यांत ते दीड तासावर आले, आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांत तीन मिनिटांवर. युक्ती अशी की मशिन चालू असतानाच जी तयारी करता येते, ती मशिन थांबवून करायची नाही. आपल्या लेथवर साधनं आधीच लावून ठेवली, जॉ आणि फिक्श्चर गाडीवर तयार ठेवले आणि सेटिंगचा खर्च एक नवमांशावर, १६७ रुपयांवर आणला, तर हॅरिस यांचं तेच सूत्र १०७ चा लॉट सांगतं. म्हणजे सरळ १२० करा: जुळणीला जेवढे लागतात तेवढेच, लागतात तेव्हाच. मधला इंपेलरचा साठा उरतच नाही आणि फाउंड्रीला दर तीन आठवड्यांनी १२० ची ऑर्डर जाते.

एक गोष्ट आपण आज सबंध लेखभर गृहीत धरली आहे. मशिनिंगला दोन आठवडे लागतात म्हटलं की लागतात, मग त्या आठवड्यात लेथवर आणखी चार मॉडेलचे इंपेलर थांबलेले का असेनात. ऑर्लिकींच्या मूळ एमआरपीत लेथला किती तास आहेत हा रकानाच नव्हता. तो कसा आला आणि आल्यावर काय काय बदललं, ते पुढच्या आठवड्यात.