वेकमनचे हात बोलतात तेव्हा

डेव्हिड बोवीच्या ‘लाइफ ऑन मार्स?’ या १९७१च्या गाण्यात जो पियानो वाजतो, तो रिक वेकमनचा. कॅट स्टीव्हन्सच्या ‘मॉर्निंग हॅज ब्रोकन’मधला पियानोही त्याचाच. रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमधलं शिक्षण अर्ध्यावर सोडून लंडनच्या स्टुडिओंमध्ये दुसऱ्यांच्या गाण्यांना साथ करणारा हा मुलगा त्याच वर्षी ‘येस’ या बँडमध्ये गेला आणि प्रोग्रेसिव्ह रॉकचा चेहरा बनला. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या वळणाने जाणारं, दीर्घ रचनांचं, सतत ताल बदलणारं रॉक. त्यात कीबोर्डवाल्याला गिटारवादकाच्या बरोबरीने मान मिळाला.

हा मान मिळवून देण्यात सिंथेसायझरचा वाटा मोठा. १९७०च्या सुमारास बाजारात आलेला मिनिमूग (थोडक्यात मूग) हा सिंथेसायझर एका वेळी एकच सूर काढू शकत असे. अभिनेता जॅक वाइल्डने आपला मिनिमूग नादुरुस्त आहे असं समजून निम्म्या किमतीत विकून टाकला, आणि तो आपण घेतला, असं वेकमन सांगतो. पण या वाद्याची खरी ताकद त्या एका सुरातच होती. पट्ट्यांच्या डावीकडे दोन चाकं असतात. त्यांतलं एक फिरवलं की सूर ओढला जातो, म्हणजे पेटीवर न निघणारी मींड इथे निघते. वेकमनचा उजवा हात पट्ट्यांवर भरधाव पळतो आणि डावा हात चाकावर बसून सुरांना वळण देतो. त्याच्या वादनात गायकी येते ती इथून.

‘द सिक्स वाइव्हज ऑफ हेन्री द एट्थ’ हा त्याचा अल्बम १९७३च्या जानेवारीत आला. आठव्या हेन्रीच्या सहा राण्या आणि सहा रचना. गीताचा एक शब्द नाही. जेन सिमोरच्या रचनेसाठी त्याने लंडनच्या सेंट जाइल्स चर्चमधला ऑर्गन वाजवला आणि त्यावर मूगचा धारदार सूर चढवला. दगडी भिंतींमध्ये घुमणारा जुना नाद आणि त्याला कापत जाणारा विजेवरचा नवा नाद एकत्र ऐकताना आजही अंगावर काटा येतो. शिरच्छेद झालेल्या ॲन बोलिनची रचना धावपळीतून हळूहळू एका सांध्यस्तोत्रावर येऊन थांबते. तिचं काय झालं हे कोणी सांगायची गरज पडत नाही.

पुढच्याच वर्षी सांगायला माणसं आली. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीवरचा ‘जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थ’ १८ जानेवारी १९७४ला रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा, समूहगायक आणि निवेदक डेव्हिड हेमिंग्ज यांच्यासह ध्वनिमुद्रित झाला. ब्रिटनमध्ये अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला, अमेरिकेत तिसऱ्या. यश प्रचंड, आणि धाडस त्याहून मोठं. तरीही शांतपणे ऐकलं तर निवेदनामुळे संगीत पुन्हा पुन्हा खोळंबतं आणि गाणारे आवाज त्या पसाऱ्यापुढे तोकडे पडतात. मूग आणि ऑर्केस्ट्रा यांचीच गाठ पडते, तेवढा वेळ मात्र रचना झेप घेते.

त्या उन्हाळ्यात क्रिस्टल पॅलेसमधल्या मैफलीनंतर त्याला हृदयविकाराचा झटका आला. वय अवघं २५. इस्पितळाच्या खाटेवर पडल्या पडल्या त्याने राजा आर्थरवरचं संगीत लिहायला घेतलं. १९७५मध्ये वेम्बलीला ते सादर झालं ते बर्फावर, स्केट घालून फिरणाऱ्या सरदारांसह. गर्दी तुफान झाली, पण खर्चाने कंबरडं मोडलं. त्यातल्या ‘आर्थर’ या रचनेची सुरुवातीची धून मात्र बीबीसीने १९७९पासून अनेकदा निवडणुकीच्या निकालांच्या कार्यक्रमासाठी वापरली. एवढ्या थाटामाटातून ब्रिटिश घराघरांत पोचली ती शब्दांविना वाजणारी धून.

१९७७चा ‘क्रिमिनल रेकॉर्ड’ पुन्हा कीबोर्डकडे वळला. स्वित्झर्लंडमधल्या वेव्हे गावच्या चर्चचा ऑर्गन असलेली ‘जूडस इस्कॅरियट’ ही त्याच्या सर्वोत्तम रचनांपैकी एक. पण दोनच वर्षांनी ‘ऱ्हॅप्सडीज’मध्ये त्याने गाजलेल्या अभिजात कृती नाचाच्या ठेक्यावर बसवल्या; तिथे ना मूळ कृतीचा दिमाख राहिला, ना नाचाची मजा. ऑर्वेलच्या कादंबरीवरच्या ‘१९८४’मध्ये टिम राइसची गीतं आणि शाका खानचा आवाज असूनही एकसंध काही उभं राहिलं नाही. त्यानंतर चित्रपटांचं पार्श्वसंगीत, संथ पियानोचे अल्बम, धार्मिक रचना यांची रीघ लागली. आजवर त्याच्या नावावर ९०हून अधिक अल्बम आहेत. त्यांतले बरेचसे घाईचे आहेत, आणि त्या ढिगाखाली चांगलंही दडून गेलं, याची हळहळ वाटते.

१९९९मध्ये तो ‘रिटर्न टू द सेंटर ऑफ द अर्थ’ घेऊन पुन्हा भव्यतेकडे गेला. निवेदनाला पॅट्रिक स्टुअर्ट, गायला ऑझी ऑस्बर्न. जुनाच आराखडा, जुनीच अडचण.

मग २०१६च्या जानेवारीत बोवी गेला. वेकमनने बीबीसी रेडिओवर ‘लाइफ ऑन मार्स?’ एकट्या पियानोवर वाजवलं. श्रोत्यांचा प्रतिसाद इतका उत्स्फूर्त होता की ते कर्करुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या मदतीसाठी प्रसिद्ध झालं, आणि पुढच्या वर्षी आलेला ‘पियानो पोर्ट्रेट्स’ ब्रिटनच्या पहिल्या दहांत पोचला. ऑर्केस्ट्रा नाही, निवेदकही नाही. २०२०च्या ‘द रेड प्लॅनेट’मध्ये सिंथेसायझर परतले, छोट्या बँडसोबत, आणि पुन्हा गीतांशिवाय. मंगळावरचे डोंगर आणि दऱ्या असा विषय घेऊन केलेल्या या आठ रचनांमध्ये सत्तरीतला वेकमन मूगचा सूर तसाच ओढतो. ‘सिक्स वाइव्हज’ आवडलेल्या श्रोत्याने मधली कितीतरी वर्षं ओलांडून थेट इथे यावं. मग वेळ मिळेल तेव्हा मागे जाऊन ‘क्रिमिनल रेकॉर्ड’ जरूर ऐकावा.