विज्ञानकथेतील यंत्रमानव आणि माणसाची जबाबदारी : बऱ्हाणपूरच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी ही संगणकप्रणाली सर्वांसाठी खुली झाली आणि कृत्रिम बुद्धिमत्ता हा विषय प्रयोगशाळेतून थेट वर्गात येऊन पोहोचला. विद्यार्थी तिच्याकडून निबंध लिहून घेऊ लागले. शिक्षकांच्या मनात कुतूहल आणि भीती एकाच वेळी निर्माण झाली. ही भीती नवी नाही. विज्ञानकथाकार शंभराहून अधिक वर्षे हाच प्रश्न हाताळत आले आहेत. परंतु त्यांच्या कथांचा अर्थ बहुधा 'एके दिवशी यंत्रे माणसावर उलटतील' एवढाच घेतला जातो. या कथा बारकाईने वाचल्यास त्यांचा रोख यंत्राच्या दुष्टपणापेक्षा माणसाने सोडून दिलेल्या जबाबदारीवर अधिक असल्याचे दिसते. हा मुद्दा स्पष्ट करण्यासाठी प्रस्तुत लेखात बऱ्हाणपूरच्या परिचयाच्या दोन गोष्टींचा, कुंडी भंडारा आणि माग यांचा, आधार घेतला आहे.

विज्ञानकथेचा इशारा

'रोबो' हा शब्द चेक लेखक कारेल चापेक यांच्या १९२० साली प्रसिद्ध झालेल्या 'आर. यू. आर.' या नाटकातून जगभर गेला. त्याचे मूळ वेठबिगारी या अर्थाच्या चेक शब्दात आहे. नाटकातील कारखाना स्वस्त मजूर म्हणून कृत्रिम माणसे तयार करतो. प्रथम कामे त्यांच्याकडे जातात, नंतर शस्त्रे जातात आणि शेवटी माणसाला करण्यासारखे काही उरत नाही. उठाव होतो तो त्यानंतर. म्हणजे विनाशाची प्रत्येक पायरी माणसाने स्वतःच्या सोयीसाठी आणि नफ्यासाठी बांधलेली असते.

इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर यांच्या १९०९ मधील 'द मशीन स्टॉप्स' या कथेत तर उठावही नाही. तेथे माणसे भूमिगत खोल्यांत राहतात आणि एक प्रचंड यंत्र त्यांच्या सर्व गरजा भागवते. यंत्र बिघडू लागते तेव्हा ते समग्रपणे समजणारा कोणीही शिल्लक नसतो. आयझॅक असिमोव्ह यांनी १९४२ मध्ये यंत्रमानवांसाठी तीन नियम कथेत मांडले. हे नियम अनेकदा सुरक्षिततेची हमी म्हणून सांगितले जातात. प्रत्यक्षात असिमोव्ह यांच्या बऱ्याच कथा त्या नियमांतून उद्भवणाऱ्या पेचांच्याच आहेत. १९६८ मधील '२००१ : अ स्पेस ओडिसी' मधला हाल हा संगणक अंतराळवीरांच्या जिवावर उठतो. आर्थर क्लार्क यांच्या कादंबरीनुसार त्याचे कारण असे की, खरी माहिती देणे आणि मोहिमेचा हेतू लपवणे अशा परस्परविरोधी आज्ञा माणसांनीच त्याला दिलेल्या असतात.

मराठीत हा विषय डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी 'वामन परत न आला' या कादंबरीत हाताळला. एका प्राचीन व अतिप्रगत संस्कृतीने जमिनीखाली ठेवलेली पेटी शास्त्रज्ञांना सापडते. तिच्यातील ज्ञानाच्या आधारे 'वामन' हा बुद्धिमान यंत्रमानव घडवला जातो. एवढी प्रगत संस्कृती लयाला का गेली, या प्रश्नाचे उत्तरही अशाच यंत्रमानवांशी निगडित असते. शीर्षकातील पुराणकथेचा संकेत मार्मिक आहे. बळीच्या दारी आलेला बटू लहान दिसतो, त्याची मागणीही लहान वाटते. दान दिल्यानंतर मात्र ते मागे घेता येत नाही.

याच्या दुसऱ्या बाजूचाही उल्लेख आवश्यक आहे. बेगम रुकय्या सखावत हुसेन यांच्या १९०५ मधील 'सुलतानाज ड्रीम' या कथेत यंत्रे मुक्तीचे साधन म्हणून येतात. तेथे विजेवर शेती होते, उडत्या गाड्या असतात. पण विज्ञान सुशिक्षित स्त्रियांच्या हाती असते. यंत्र तेच, फरक ते कोणाच्या ज्ञानाच्या ताब्यात आहे याचा.

कथेबाहेरचे दोन प्रसंग

२६ सप्टेंबर १९८३ रोजी सोव्हिएत संघाच्या पूर्वसूचना यंत्रणेने अमेरिकेकडून पाच क्षेपणास्त्रे येत असल्याचे दाखवले. कामावर असलेले अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव्ह यांनी विचार केला की, खरा हल्ला केवळ पाच क्षेपणास्त्रांनी सुरू होणार नाही. त्यांनी वरिष्ठांना ही सूचना खोटी असल्याचे कळवले आणि ते खरे ठरले. ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रह फसला होता. निर्णयाच्या वाटेवर विचार करणारा एक माणूस होता, म्हणून अनर्थ टळला.

दुसरा प्रसंग आपल्या देशातला आहे. तेलंगणात लाखो शिधापत्रिका संगणकीय छाननीच्या आधारे रद्द झाल्या. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा सुमारे १९ लाख पत्रिकांची प्रत्यक्ष पडताळणी करण्याचा आदेश दिला. येथे कोणताही यंत्रमानव बंड करून उठला नव्हता. निरनिराळ्या नोंदींतील नावे जुळवून संगणक निष्कर्ष काढत होता आणि घरी जाऊन पाहण्याचे काम मागे पडले होते.

नावे जुळवण्याचा हा प्रश्न आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या अगदी जवळचा आहे. एकाच मुलाचे नाव एका कागदावर 'मोहम्मद', दुसऱ्यावर 'मुहम्मद' आणि तिसऱ्यावर केवळ 'मो.' असते. उर्दूतून हिंदीत आणि हिंदीतून इंग्रजीत जाताना मुलीच्या नावातील 'बी', 'बानो', 'खातून' कधी राहते, कधी गळते. कारकुनाला ही एकच व्यक्ती आहे हे क्षणात कळते. तसे शिकवले नसेल तर संगणकाला त्या तीन व्यक्ती वाटतात. अशा वेळी शिष्यवृत्तीचा अर्ज नाकारला गेला, तर विद्यार्थ्याने दाद कोणाकडे मागायची? 'संगणक घेत नाही' हे उत्तर देणारा माणूस खोटे बोलत नसतो. परंतु जबाबदारी मात्र कोणाचीच राहत नाही.

बऱ्हाणपूरचे दोन दाखले

अब्दुल रहीम खान-ए-खानान यांच्या काळात, १६१५ मध्ये, इराणी भूजलतज्ज्ञ तबकुतुल अर्ज यांच्या मार्गदर्शनाखाली कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्याकडून तापीकडे जमिनीखालून झिरपणारे पाणी भूमिगत बोगद्यात अडवून केवळ उताराच्या बळावर शहरापर्यंत आणले गेले. मोट नाही, रहाट नाही, बैल नाही. खऱ्या अर्थाने ही आपोआप चालणारी व्यवस्था होय. पण तिची रचना करणाऱ्यांनी बोगदा बंदिस्त ठेवला नाही. ठराविक अंतरावर विहिरीसारख्या कुंड्या ठेवल्या. त्यांतून हवा व उजेड आत जातो, पाणी काढता येते आणि माणसाला खाली उतरून पाहता येते, साफसफाई करता येते. पाण्यातील चुन्याचे थर बोगद्यात साचत राहतात. त्यामुळे अशी देखरेख थांबली की प्रवाह आकसतो. ही वास्तू २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाली, ती तिच्या जलव्यवस्थापनाच्या कौशल्यामुळे. कृत्रिम बुद्धिमत्तेचा विचार करतानाही हेच सूत्र उपयोगी पडते : व्यवस्था खुशाल आपोआप चालावी, पण तिच्यात उतरून पाहण्याच्या कुंड्या असल्या पाहिजेत.

दुसरा दाखला मागाचा. यंत्रमागाचा खडखडाट बऱ्हाणपूरच्या मोहल्ल्यांना नवा नाही. साध्या यंत्रमागावर ताण्याचा एखादा धागा तुटला आणि विणकराचे लक्ष नसले, तर माग चालतच राहतो व सदोष कापड विणले जाते. जपानच्या साकिची तोयोदा यांनी १९२४ मध्ये पूर्ण केलेला स्वयंचलित माग धागा तुटताच स्वतः थांबत असे. चुकीच्या वेळी थांबणे आणि माणसाला बोलावणे हा त्या यंत्राचा मोठा गुण होता. निर्णय देणाऱ्या संगणकप्रणालीतही शंका येताच थांबून प्रकरण माणसाकडे सोपवण्याची सोय हवी.

समारोप

इस्लामी विचारात 'अमानत' ही संकल्पना महत्त्वाची आहे. सोपवलेली जबाबदारी माणसाने वाहायची असते आणि तिचा जाब त्यालाच द्यावा लागतो. काम यंत्राला देता येते. जाब देणे यंत्राला देता येत नाही. विज्ञानकथांचा इशारा याच टोकाशी येऊन थांबतो.

शिक्षकांच्या दृष्टीने यातून तीन प्रश्न निघतात, ते विज्ञानाच्या तासाला तसेच भाषेच्या तासालाही विचारता येतील. हा निर्णय कोणी घेतला? तो कसा घेतला हे आत उतरून पाहता येते का? आणि तो चुकला तर थांबवणारा कोण? 'वामन परत न आला' वाचणाऱ्या विद्यार्थ्याला हे प्रश्न विचारावेत, तसेच अर्ज फेटाळला गेला म्हणून खिडकीसमोरून परतणाऱ्या विद्यार्थ्यालाही ते विचारायला शिकवावे. वर्गाची एक सहल कुंडी भंडाऱ्याला नेल्यास दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्यांना डोळ्यांनी पाहता येईल.