ट्रम्पेटची पारख

पितळेचें वाद्य विकत घेणारा मनुष्य प्रथम त्याची झळाळी पाहतो. परंतु झळाळी रोगणाची असते. वाद्याचे गुणदोष त्याखालीं दडलेले असतात. वरातीच्या बँडमुळें आपल्या ओळखीचा झालेला ट्रम्पेटच घ्या. जवळजवळ पांच फूट लांबीची नळी वळवून तो केलेला असतो. त्याचा मधला खटका दाबला कीं सूर अर्ध्या स्वरानें उतरतो, पहिल्यानें एका व तिसऱ्यानें दीड स्वरानें. कारण प्रत्येक खटका हवेला जादा नळीच्या वळणांतून फिरवून आणतो.

हें काम करणारा दट्ट्या पॅरिसच्या पेरिने यानें १८३९ च्या सुमारास सिद्ध केला. तो नळकांड्यांत इतका नेमका बसावा लागतो कीं, तेलाच्या थरापुरतीच फट उरावी. म्हणून परीक्षेचा आरंभ येथूनच करावा. तेल घालून प्रत्येक खटका अगदीं सावकाश दाबावा व एकदम सोडावा. जलद दाबतांना लपलेली अडखळ अशा वेळीं उघड होते. धुऊनही ती गेली नाहीं, तर नळकांडें चेपल्याचा संशय घ्यावा.

नंतर पहिल्या खटक्याची सरकनळी, खटका न दाबतां, थोडी बाहेर ओढावी, क्षणभर थांबावें आणि खटका दाबावा. ‘टप्’ असा आवाज आला, तर दट्ट्या हवा धरून आहे. आवाज नच आला, तर सहसा हवा झिरपते आहे असें समजावें.

तिसरी सरकनळी बोटानें सहज सरकली पाहिजे. पहिला व तिसरा खटका एकत्र दाबले असतां सूर चढा लागतो. तो उतरविण्यासाठीं वाजवितां वाजवितां ही नळी पुढें सारावी लागते. ती आखडलेली असेल, तर चांगल्या कानाचा वादकही बेसूर ठरतो.

शेवटीं मुखाजवळची नळी निरखावी. तेथें तांबूस ठिपके असतील, तर श्वासाच्या ओलाव्यानें पितळेंतील जस्त जाऊन तांबें उरलें आहे व नळी आंतून पोखरत आहे.

एवढी चिकित्सा कशाला, असें कोणी विचारील. उत्तर सोपें आहे. नवशिका मुलगा अडणाऱ्या खटक्याचा दोष आपल्या बोटांना लावतो आणि झिरपणाऱ्या हवेचा आपल्या छातीला. मग वाद्य माळ्यावर जातें. म्हणून खरेदीला जातांना पैशांबरोबर एखादा जाणता वादकही सोबत न्यावा.