जाणाऱ्या पाण्याचा प्रश्न

‘दलित पँथर’ हे नाव १९७२ साली मुंबईत अमेरिकेतल्या ‘ब्लॅक पँथर’वरून घेतले गेले, हे आपण जाणतो. परंतु त्या चिन्हाचे मूळ शहरात नाही. ते अलाबामा राज्यातल्या लाउंड्स या ग्रामीण कौंटीत आहे. तेथे बहुसंख्य लोक काळे. तरी १९६५च्या आरंभी मतदारयादीत एकाही काळ्याचे नाव नव्हते. स्टोकली कारमायकेल व सहकाऱ्यांच्या साथीने लोकांनी स्वतःचा पक्ष काढला आणि काळा पँथर हे चिन्ह घेतले. मतदार म्हणून नाव नोंदवले, या गुन्ह्यासाठी जमीनमालकांनी अनेक कुटुंबांना घराबाहेर काढले. ती तंबूत राहिली.

त्याच लाउंड्समध्ये आज अनेक घरांचा मैला नळीवाटे उघड्यावर पडतो. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात हे का घडते, ते समजून घेतले पाहिजे.

विखुरलेल्या वस्तीला गटारयोजना नसते. घरोघर सेप्टिक टँक असते. तिच्यात गाळ खाली बसतो, जंतू तो कुजवतात. वरचे पाणी जमिनीत मुरते आणि माती ते गाळते. म्हणजे निम्मे काम मातीचे. लाउंड्सची माती आपल्याकडच्या काळ्या रानासारखी चिकण आहे. पाणी तिच्यात मुरत नाही. पावसात ते अंगणात आणि न्हाणीघरात उलटे येते. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पाहणीत ५५पैकी १९ जणांच्या विष्ठेत अंकुशकृमीचे अंश सापडले.

यावर उपाय नाही असे नाही. वाळूचा उंचवटा रचून त्यातून पाणी थोडे थोडे सोडता येते. टाकीत हवा खेळवून जंतूंचे काम वेगाने करून घेता येते आणि शेवटी क्लोरीनने पाणी निर्जंतुक करता येते. दहा-वीस घरांच्या टाक्यांतले पाणी बारीक नळ्यांनी एका लहान केंद्राकडे नेता येते. मात्र यांना वीज, पंप आणि नियमित देखभाल लागते. एका घराच्या यंत्रणेचा खर्चच अनेकदा वीस हजार डॉलरांवर जातो.

खरा प्रश्न येथे सुरू होतो. कायद्याने ही जबाबदारी घरमालकाची. ज्याला परवडत नाही तो गुन्हेगार! दोष मातीचा आणि इतिहासाचा. शिक्षा मात्र गरिबाला. कॅथरीन कोलमन फ्लॉवर्स या तेथल्याच कार्यकर्तीने याविरुद्ध वर्षानुवर्षे आवाज उठवला. मे २०२३मध्ये केंद्रीय न्याय खात्याने राज्याच्या आरोग्य खात्याशी करार करून ही शिक्षा थांबवली. एप्रिल २०२५मध्ये नव्या सरकारने तो करारच मोडीत काढला.

महाडला १९२७ साली आपण चवदार तळ्याचे पाणी प्यालो, तेव्हा सवर्णांनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले. ते शुद्धीकरण माणसाला अशुद्ध ठरवणारे होते. विज्ञानाचे शुद्धीकरण फक्त पाण्याला शुद्ध करते. ते कोणाला मिळावे, हे मात्र व्यवस्थाच ठरवते. येणाऱ्या पाण्याचा हक्क आपण मागितला. गावाचे गटार आजही कोणत्या वस्तीकडे उतरते आणि टाकीत कोणाला उतरवले जाते, हे पाहिले की जाणाऱ्या पाण्याचा लढा तितकाच निकडीचा आहे, हे मला पटते. ग्रामपंचायतीच्या आराखड्यात या पाण्यासाठी काय तरतूद आहे, हे आपल्यातल्या प्रत्येक कार्यकर्त्याने विचारले पाहिजे.